वाचक विचारतात: क्रॅशच्या आकड्यांवरून कोडमधली ओळ कशी शोधायची?

या वेळच्या पत्रांत तक्रार एकच, रूपं वेगळी: प्रोग्राम बंद पडतो, जाताना हेक्स (सोळाच्या पायावरच्या) आकड्यांची रांग टाकून जातो आणि त्यावरून कोडमधली ओळ काही सापडत नाही. बहुतेक पत्रांतले आकडे बरोबर आहेत. ते ज्या फाइलशी ताडून पाहिले, ती फाइल चुकीची आहे. म्हणून उत्तरांत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, तिला इलाज नाही. आज्ञा आणि हेक्स अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.

प्रश्न: केळीच्या बागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह आणि मोटर चालवणारा कंट्रोलर मी ईएसपी३२ चिपवर बनवतो. काही शेतांत बसवलेत. त्यातला एक रात्री मधूनच रीस्टार्ट होतो. लॅपटॉप जोडून ठेवला तेव्हा सिरियल मॉनिटरवर 'गुरू मेडिटेशन एरर, लोडप्रोहिबिटेड' आलं आणि खाली 'बॅकट्रेस' (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) लिहून आकड्यांच्या जोड्या. शेतमालक विचारतो, 'हाई काय शे भाऊ?' मी ॲडरटूलाइन (पत्त्यावरून कोडची ओळ सांगणारी आज्ञा) चालवून पाहिलं, तर मोटरशी काही संबंध नसलेल्या वाय-फायच्या फंक्शनचं नाव येतं. – एक वाचक, रावेर

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या ओळीतली पहिली जोडी ०एक्स४००डी२५३१:०एक्स३एफएफबी१ई५० अशी आहे. कोलनच्या आधीचा आकडा कोडमधली जागा सांगतो, नंतरचा त्या वेळचा स्टॅक पॉइंटर, म्हणजे चालू कॉल्सच्या नोंदी असलेल्या मेमरीतली जागा. ॲडरटूलाइनला फक्त आधीचे आकडे द्यायचे. जोड्या डावीकडून उजवीकडे वाचा: सगळ्यात डावीकडे जिथे प्रोग्राम पडला ती जागा, तिच्या उजवीकडे तिला बोलावणारं फंक्शन, मग त्याला बोलावणारं.

आज्ञा अशी: एक्सटेन्सा-ईएसपी३२-एल्फ-ॲडरटूलाइन, पुढे -पीएफआयएसी, मग -ई आणि एल्फ फाइलचं (नावं आणि ओळींच्या माहितीसह कंपाइल झालेला प्रोग्राम) नाव, शेवटी पत्ते. ऑप्शनमधला 'सी' मोठ्या लिपीतला आहे, तो सी प्लस प्लसची वेडीवाकडी नावं सरळ करतो. 'आय' विसरू नका, त्याचं कारण पुढे चाळीसगावच्या प्रश्नात आहे. लिनक्सचं साधं ॲडरटूलाइन किंवा बोर्डात भरायची बिन फाइल इथे चालत नाही. बिन फाइलमध्ये नावं नसतातच.

आता वाय-फायचं नाव का येतं? कारण तुमची एल्फ फाइल आणि शेतातल्या बोर्डावरचं फर्मवेअर एकाच बिल्डचे नाहीत. मधल्या काळात तुम्ही एखादी प्रिंटची ओळ जरी घातली असेल, तरी तिच्यापुढची सगळी फंक्शन्स सरकलेली असतात. गट नंबर बरोबर आहे, पण सातबारा दुसऱ्या गावचा उघडलाय, असा हा प्रकार. आणि ॲडरटूलाइन तक्रार करत नाही. त्या जागी जे काही सापडेल त्याचं नाव बिनदिक्कत सांगतं. म्हणून आधी जुळणी करायची. पॅनिकच्या (प्रोग्राम पडतानाच्या) मजकुरात शेवटी 'एल्फ फाइल एसएचए२५६' अशी ओळ येते, तिच्यात हॅशची सुरुवातीची काही अक्षरं असतात. तुमच्या एल्फवर एसएचए२५६सम चालवा आणि सुरुवात जुळते का पाहा. जुळत नसेल तर पुढचं काहीच करू नका.

आर्डुइनो आयडीईत एल्फ फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडते आणि पुढच्या कंपाइलला पुसली जाते. बोर्ड शेतात जाण्याआधी स्केच मेनूतून 'एक्स्पोर्ट कंपाइल्ड बायनरी' करा आणि स्केचच्या बिल्ड फोल्डरमधली एल्फ बोर्डाच्या नंबरासह वेगळी ठेवा. हे प्रत्येक बोर्डासाठी. दहा शेतांत तीन वेगळी फर्मवेअर असतील तर तीन एल्फ लागतील.

जुळणारी एल्फ मिळाली तरी आणखी दोन ठिकाणी नजर टाका. एक, 'ईएक्ससीव्हीॲडर' रजिस्टर, म्हणजे ज्या पत्त्याला हात लावताना प्रोग्राम पडला तो. तुमच्याकडे तिथे ०एक्स००००००१४ आहे. १४ हेक्स म्हणजे २० बाइट. याचा अर्थ रिकामा पॉइंटर घेऊन एखाद्या स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून २० बाइटांवरचं फील्ड वाचायला गेलात. त्या फील्डच्या आधी चार-चार बाइटांची पाच फील्ड्स असतील असं स्ट्रक्चर शोधा. ओळ कळायच्या आधीच निम्मा तपास इथे होतो. दोन, 'ए०' रजिस्टर. त्यात तुमच्याकडे ०एक्स८००डी२६७ए आहे आणि बॅकट्रेसमधली दुसरी जोडी ०एक्स४००डी२६७७ ने सुरू होते. दोन्ही एकच जागा आहेत. एक्सटेन्सा चिपवर परतीच्या पत्त्याचे वरचे दोन बिट रजिस्टर-विंडोच्या हिशोबाला वापरलेले असतात, म्हणून ४ च्या जागी ८ दिसतो. ईएसपी-आयडीएफ (चिपच्या कंपनीचा मूळ कोड आणि साधनं) तो दुरुस्त करून वर ३ वजा करतं आणि मगच छापतं. तेव्हा बॅकट्रेसमधले पत्ते तसेच्या तसे द्या, पुन्हा काही वजा करू नका. पण कच्च्या स्टॅकमधून किंवा ए० मधून पत्ता उचलत असाल, तर हे दोन्ही संस्कार तुम्हाला हाताने करायचे आहेत.

बॅकट्रेसच्या शेवटी 'करप्टेड' असा शिक्का असेल तर त्याच्या अलीकडच्या जोड्यांवरही पूर्ण भरवसा ठेवू नका. बहुतेकदा स्टॅकच ओसंडलेला असतो. टास्कचा स्टॅक ४०९६ बाइट असेल तर ८१९२ करून पाहा आणि 'हाय वॉटर मार्क'चं फंक्शन वापरून किती शिल्लक राहतो ते छापत राहा.

एक सावधगिरी. रात्री थ्री फेज आल्यावर मोटरचा स्टार्टर ओढतो त्याच क्षणी बोर्ड रीस्टार्ट होत असेल, तर ते कोडचं काम नसण्याची शक्यता मोठी. बोर्ड सुरू होताना 'ईएसपी रीसेट रीझन' वाचून फ्लॅशमध्ये नोंदवा. रीसेटचं कारण ब्राउनआउट (व्होल्टेज खाली कोसळणं) निघालं तर सोडवायला बॅकट्रेसच नसतो, पॉवर सप्लाय आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरचा स्नबर बघा. पॅनिक निघालं तर मात्र बांधावर लॅपटॉप घेऊन रात्र काढायची गरज नाही: पार्टिशन टेबलमध्ये ६४ केबीचं कोअरडंप (पडतानाच्या मेमरीची नोंद) पार्टिशन ठेवा, कॉन्फिगमध्ये कोअरडंप फ्लॅशला लावा. बोर्ड घरी आणून आयडीएफचं 'कोअरडंप-इन्फो' चालवलं की सगळ्या टास्कचे स्टॅक नावानिशी मिळतात. त्यालाही तीच जुळणारी एल्फ लागते, हे सांगायला नको.

ईएसपी३२-सी३ वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: ती रिस्क-व्ही चिप आहे, तिचं ॲडरटूलाइन वेगळं. ती साध्या सेटिंगला बॅकट्रेसऐवजी स्टॅकची कच्ची मेमरी छापते. तिथे आयडीएफ मॉनिटर एल्फसह चालू ठेवणं हाच सोपा मार्ग.

प्रश्न: दूध संकलनाच्या नोंदींचा सी प्लस प्लस प्रोग्राम उबुंटू सर्व्हरवर चालतो. तो पडला की डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) अशी ओळ येते: 'दूधनोंद[२१४७]: सेगफॉल्ट ॲट ०, आयपी ५६१२३४५०११८९, एरर ४, इन दूधनोंद[५६१२३४५०१०००+१०००]'. आयपीचा आकडा ॲडरटूलाइनला दिला तर फक्त दोन प्रश्नचिन्हं आणि शून्य येतं. चौकोनी कंसातला आकडा वजा करून १८९ दिला, तरी तेच. प्रोग्राम -जी (डीबग माहिती ठेवणारा ऑप्शन) लावूनच बांधला आहे. शिवाय मी सिग्नल हँडलरमध्ये बॅकट्रेस छापायला लागलो, त्यात काही ठिकाणी एक ओळ पुढची दिसते. असं का? – एक वाचक, धुळे

उत्तर: तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एकेक घेऊ.

उबुंटू १६.१० पासून ६४-बिट इंटेलवर जीसीसी प्रोग्राम 'पाय' पद्धतीने बांधतो, म्हणजे तो मेमरीत कुठेही बसू शकतो. फाइलमध्ये तुमच्या फंक्शनचा पत्ता ११८९ सारखा लहान असतो; चालवताना कर्नेल दर वेळी वेगळा पाया निवडून त्यात मिळवतो. ॲडरटूलाइनला हा पाया माहीत नसतो, त्याला फाइलमधला लहान पत्ताच द्यावा लागतो. इथवर तुम्ही बरोबर होता. चूक पुढे झाली. कंसातला आकडा फाइलच्या सुरुवातीचा नाही, फक्त चालणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या सुरुवातीचा आहे. आणि हा तुकडा हल्ली फाइलच्या आरंभी नसतो, त्याच्या आधी फक्त वाचण्याचा एक तुकडा असतो.

'रीडएल्फ -एलडब्ल्यू' चालवा, एल छोटा आणि डब्ल्यू मोठा. 'लोड' ओळींपैकी जिच्यासमोर 'आर ई' आहे तिचा 'व्हर्चॲडर' बघा, तुमच्याकडे तो १००० हेक्स असणार. हिशोब असा: ५६१२३४५०११८९ वजा ५६१२३४५०१०००, राहिले १८९, त्यात १००० मिळवा, ११८९. हा आकडा द्या, ओळ मिळेल. क्लँगच्या एलएलडीने बांधलेला प्रोग्राम असेल तर व्हर्चॲडर १५६० असा आडनिडा असू शकतो. तेव्हा त्याचे शेवटचे तीन हेक्स अंक शून्य करून मिळवा. कॅल्क्युलेटर हेक्स मोडमध्ये ठेवा. दशमानात केलेली वजाबाकी अशा ठिकाणी कधी कधी जुळून येते आणि नंतर दगा देते.

प्रोग्राम चालू असताना हाच हिशोब 'प्रॉक' खालच्या 'मॅप्स' फाइलमधून ताडता येतो. तुमच्या प्रोग्रामच्या नावाच्या चार-पाच ओळी असतील:

५६१२३४५०००००-५६१२३४५०१०००, परवानगी आर, ऑफसेट ०
५६१२३४५०१०००-५६१२३४५०२०००, परवानगी आर-एक्स, ऑफसेट १०००

कोड दुसऱ्या ओळीत आहे, पण वजा करायची ती पहिल्या ओळीची सुरुवात. ११८९ च येतं. दोन्ही रीतींनी उत्तर वेगळं आलं तर बहुधा आकडे दोन वेगळ्या वेळच्या रनमधले आहेत. प्रोसेस मेली की मॅप्स जाते, म्हणून प्रोग्रामने सुरू होतानाच स्वतःची मॅप्स लॉगमध्ये एकदा उतरवून ठेवावी. खर्च नगण्य, उपयोग फार. लिबसीसारख्या प्रत्येक लायब्ररीचा पाया वेगळा असतो, तेव्हा पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे आधी बघा आणि त्याच फाइलवर ॲडरटूलाइन चालवा. जीडीबीत (डीबगरमध्ये) मात्र पाया कायम ५५५५५५५५४००० दिसेल, कारण जीडीबी ही अदलाबदल बंद करून प्रोग्राम चालवतो. तिथले आकडे सर्व्हरच्या आकड्यांशी ताडू नका.

आता एक ओळ पुढे का. स्टॅकवर साठवलेला असतो तो परतीचा पत्ता: कॉल संपल्यावर जिथून पुढे चालायचं ती जागा. ती कॉलच्या पुढची सूचना (प्रोसेसरची एक आज्ञा) असते आणि पुष्कळदा पुढच्या ओळीतली असते. हँडलरने 'दूधनोंद(+०एक्स१२४बी)' छापलं असेल तर १२४बी मधून १ वजा करून १२४ए द्या. सूचनेच्या नेमक्या आरंभावर जायची गरज नाही, तिच्या आत कुठेही पोचलं तरी ओळ बरोबर निघते. हे टाळलं तर सगळ्यात वाईट अवस्था 'ॲबॉर्ट' सारख्या न परतणाऱ्या फंक्शनच्या कॉलला होते. तो कॉल फंक्शनची शेवटची सूचना असेल, तर परतीचा पत्ता थेट शेजारच्या फंक्शनमध्ये पडतो आणि तुम्ही निरपराध फंक्शन तपासत बसता. पण डीमेसेजमधला आयपी परतीचा पत्ता नाही, तो प्रत्यक्ष पडलेल्या सूचनेचा आहे. त्यातून १ वजा करायचा नाही. हँडलरच्या यादीतही सिग्नलच्या लगेच खालचा पत्ता असाच असतो, त्यालाही हात लावू नका. अँड्रॉइडच्या टूमस्टोनमधले (क्रॅशच्या नोंदीतले) पत्ते आधीच दुरुस्त केलेले असतात, तेही तसेच घ्या.

गोल कंसातला अधिक चिन्हाचा आकडा पाया वजा करून दिलेला असतो, चौकोनी कंसातला कच्चा. म्हणून हँडलरच्या यादीतून नेहमी गोल कंसातलाच घ्या. लिंक करताना -आरडायनॅमिक लावलं तर तिथे फंक्शनची नावंही येतात, मात्र स्टॅटिक फंक्शन्सची नाहीत. आणि मग अधिक चिन्हाचा आकडा त्या फंक्शनच्या सुरुवातीपासूनचा असतो, फाइलच्या नाही. दोन्हींत गल्लत होते.

तुमच्या हँडलरबद्दलही बोलायला हवं. 'बॅकट्रेस_सिम्बॉल्स' मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) वापरतं. मॅलॉकच्या आतच प्रोग्राम पडला असेल, तर त्याचं कुलूप आधीच लागलेलं असतं आणि हँडलर तिथेच अडकून बसतो: प्रोग्राम मरतही नाही आणि चालतही नाही. त्याऐवजी 'बॅकट्रेस_सिम्बॉल्स_एफडी' वापरा. शिवाय 'बॅकट्रेस' पहिल्यांदा बोलावताना लिबजीसीसी लोड करतं, त्यातही मॅलॉक येऊ शकतो. म्हणून मेनमध्ये सुरुवातीलाच ते एकदा फुकट बोलावून ठेवा. आणि स्टॅक ओसंडून पडणारा प्रोग्राम हँडलर चालवायला स्टॅक आणणार कुठून? सिगऑल्टस्टॅकने वेगळी जागा द्या आणि हँडलर नोंदवताना 'एसए_ऑनस्टॅक' लावा.

एरर ४ म्हणजे प्रोग्राम मॅप नसलेली जागा वाचायला गेला. ६ असता तर लिहायला गेला असं समजा. हा आकडा हेक्समध्ये छापतात, तेव्हा १४ दिसलं तर उडी मारलेल्या जागी कोडच नव्हता, म्हणजे बिघडलेला फंक्शन पॉइंटर. अशा वेळी आयपी निरुपयोगी असतो, स्टॅकवरचा पहिला परतीचा पत्ता शोधा.

प्रश्न: रिलीज बिल्डच्या बॅकट्रेसमध्ये मधली फंक्शन्स गायब असतात. अ ने क ला बोलावलेलं दिसतं, पण कोडमध्ये अ फक्त ब ला बोलावतो. कधी ओळ शून्य येते, कधी ओळीपुढे 'डिस्क्रिमिनेटर २' असं काही येतं. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: -ओ२ ला (वेगासाठी कोड सुधारणाऱ्या ऑप्शनला) कंपाइलरने ब चा मजकूर अ च्या आत ओतला असेल तर ब ची स्टॅकवर वेगळी चौकट उरत नाही. त्याची नोंद डीबग माहितीत मात्र असते. ॲडरटूलाइनला -आय दिला की एका पत्त्यासाठी दोन-तीन ओळी निघतात, सगळ्यात आतलं फंक्शन वर. -आय नसेल तर फक्त आतलं दिसतं आणि ते कोणाच्या पोटात होतं ते कळत नाही.

दुसरं कारण शेपटीचा कॉल. ब ची शेवटची ओळ 'रिटर्न क()' अशी असेल तर कंपाइलर कॉलऐवजी साधी उडी टाकतो आणि ब ची चौकट उडीआधीच मोडतो. इथे -आय काही करू शकत नाही, पुरावाच शिल्लक नसतो. शंका असेल तर चाचणीपुरतं -एफनो-ऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स लावून बांधा.

ओळ शून्य म्हणजे ती सूचना कंपाइलरने स्वतःच्या सोयीने घातली, तिला तुमच्या कोडमध्ये घर नाही. डिस्क्रिमिनेटर म्हणजे त्या एकाच ओळीत एकाहून अधिक कोडचे तुकडे आहेत, उदाहरणार्थ फॉर लूपची अट आणि वाढ. काळजीचं कारण नाही.

प्रश्न: -जी लावलं की प्रोग्राम हळू होतो का? प्रोजेक्ट जमा करताना काढून टाकावं असं सांगतात. – विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर: हळू होत नाही. -जी मुळे निघणारी माहिती फाइलच्या अशा भागात जाते जो चालवताना मेमरीत चढवला जात नाही. डिस्कवरची फाइल फुगते, एवढंच. हळूपणाचा संशय येतो कारण पुष्कळांच्या मेकफाइलमध्ये -जी आणि -ओ० जोडीने येतात. -ओ२ -जी बिनधास्त एकत्र लावा.

फाइल लहानच द्यायची असेल तर -जी काढू नका, माहिती वेगळी करा. क्रम महत्त्वाचा: आधी 'ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग' ने दूधनोंद.डीबग सारखी फाइल काढा, मग मूळ फाइलवर 'स्ट्रिप -जी', शेवटी 'ऑब्जकॉपी --ॲड-जीएनयू-डीबगलिंक' ने दोघांची गाठ बांधा. आधी स्ट्रिप केलंत तर पहिल्या आज्ञेला काढायला काहीच उरत नाही आणि ती तक्रारही करत नाही. दोन्ही फाइलींत बिल्ड आयडी तोच राहतो. 'रीडएल्फ -एन' ने दिसणारे हे ४० हेक्स अंक म्हणजे फाइलींची ओळख. नाव किंवा तारीख बघून फाइल निवडू नका. नुसता बॅकट्रेस हवा असेल तर -जी१ पुरतो: फंक्शन आणि ओळी येतात, स्थानिक व्हेरिएबल्स येत नाहीत.

आणि 'सोर्स आहे, लागलं तर पुन्हा कंपाइल करू' यावर विसंबू नका. कंपाइलरची आवृत्ती, ऑप्शन, लायब्ररी यांतलं काहीही बदललं की पत्ते बदलतात.

प्रश्न: मिरचीच्या वजनकाट्यावरचा आमचा ३२-बिट विंडोज प्रोग्राम हंगामात ऐन गर्दीत बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'एक्सेप्शन कोड सी०००००५' आणि 'फॉल्ट ऑफसेट ०००१२४७६' आहे. एवढ्यावरून काही कळेल? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर: कळेल, पण आधी त्याच नोंदीतलं 'फॉल्टिंग मॉड्यूल' वाचा. कोड तुम्ही कदाचित एक शून्य गाळून लिहिलाय. सी००००००५ म्हणजे नसलेल्या किंवा परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. मॉड्यूल तुमचाच ईएक्सई असेल तर ऑफसेट मॉड्यूलच्या सुरुवातीपासूनचा असतो, पाया वजा करायचा प्रश्न नाही. उलट मिळवायचा आहे: ३२-बिट ईएक्सईचा ठरलेला पाया ४००००० हेक्स, म्हणून ४१२४७६. लिंकरला /मॅप लावून बांधलं असेल तर मॅप फाइलमध्ये 'आरव्हीए+बेस' या रकान्यात हा आकडा शोधा. नेमका सापडणार नाही. त्याच्या आधीचं सगळ्यात जवळचं नाव घ्यायचं. समजा एक फंक्शन ४१२४१० ला सुरू होतं आणि पुढचं ४१२४९० ला, तर पडझड पहिल्यात, सुरुवातीपासून ६६ हेक्स म्हणजे १०२ बाइट आत. ६४-बिट ईएक्सईला पाया १४००००००० धरा.

मॅप फाइल फंक्शनपर्यंत नेते, ओळीपर्यंत नाही. ओळीसाठी पीडीबी (विंडोजची डीबग माहितीची फाइल) हवी: कंपाइलरला /झेडआय, लिंकरला /डीबग. रिलीजमध्ये /डीबग लावलं की लिंकर /ऑप्ट:रेफ आणि /ऑप्ट:आयसीएफ आपोआप बंद करतो, ते हाताने पुन्हा लावा, नाहीतर ईएक्सई उगाच वाढेल. आयसीएफचा एक चकवा आहे. हुबेहूब सारखा कोड असलेली दोन फंक्शन्स तो एकच करतो, मग स्टॅकमध्ये भलत्याच क्लासचं नाव दिसू शकतं. ते पाहून घाबरू नका.

मॉड्यूल एनटीडीएलएल असेल तर मात्र ऑफसेट तुमच्या काही कामाचा नाही. बहुधा हीप (प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी) आधीच कुठेतरी बिघडली आणि निदान दुसरीकडे झालं. तेव्हा डंप, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, घ्या. रजिस्ट्रीत 'विंडोज एरर रिपोर्टिंग' खाली 'लोकलडंप्स' नावाची की बनवा, तिच्याखाली तुमच्या ईएक्सईच्या नावाची, आणि 'डंपटाइप' ला २ द्या, म्हणजे पूर्ण डंप. 'डंपफोल्डर' दिला नाही तर फाइली त्या युजरच्या 'क्रॅशडंप्स' फोल्डरमध्ये जातात, आणि दहा झाल्या की जुनी पुसली जाते. काट्याच्या संगणकावर डिस्कची जागा आधी बघून घ्या. डंप विनडीबीजीत (विंडोजच्या डीबगरमध्ये) उघडून, पीडीबीचा रस्ता दाखवून, '!ॲनालाइझ -व्ही'. पीडीबी त्याच बिल्डची नसेल तर विनडीबीजी ती नाकारतो, कारण ईएक्सई आणि पीडीबीत एकच जीयूआयडी लिहिलेला असतो. ॲडरटूलाइनपेक्षा हा बरा: चुकीचं नाव सांगण्यापेक्षा गप्प राहतो.

प्रश्न: फ्लटर ॲपमध्ये --ऑब्फस्केट (नावं लपवणारा ऑप्शन) लावल्यापासून क्रॅशचा मजकूर नुसता आकड्यांचा येतो. – विद्यार्थी, शिरपूर

उत्तर: बांधताना --स्प्लिट-डीबग-इन्फो ला जो फोल्डर दिला त्यात 'सिम्बॉल्स' शेवटाच्या फाइली आहेत. मजकूर फाइलमध्ये ठेवून 'फ्लटर सिम्बॉलाइझ -आय' ती फाइल, '-डी' सिम्बॉल्सची फाइल. ६४-बिट आणि ३२-बिट आर्मच्या फाइली वेगळ्या. ज्या फोनवर पडलं त्याची घ्या. मजकुराच्या वरच्या भागात बिल्ड आयडी असतो, तो सोबत असू द्या; फक्त पत्त्यांच्या ओळी कापून घेतल्या तर जुळणी होत नाही. पुढच्या बिल्डला तोच फोल्डर दिला की जुन्या फाइली जातात, तेव्हा आवृत्तीच्या नावाचा नवा फोल्डर द्या.

प्रश्न: बाहेरून घेतलेल्या लायब्ररीत प्रोग्राम पडतो. ती स्ट्रिप केलेली (नावं आणि डीबग माहिती काढून टाकलेली) आहे. तिची नावं कशी काढायची? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: निघणार नाहीत. बाहेर उघडी ठेवलेली फंक्शन्स 'एनएम -डी' ला दिसतील (डी मोठा), आतली नाही. आणि पत्त्याच्या अलीकडचं उघडं नाव दिसलं म्हणून दोष त्याचाच असं मानू नका, मध्ये दहा लपलेली फंक्शन्स असू शकतात. चौकटी मात्र उलगडतात, कारण त्यासाठी लागणारी 'ईएच_फ्रेम' स्ट्रिप काढत नाही. म्हणजे तुमच्या कोणत्या ओळीतून लायब्ररीत शिरलात आणि बहुतेकदा काय आर्ग्युमेंट दिलं एवढं जीडीबीत कळेल. लायब्ररी उबुंटू किंवा फेडोराच्या पॅकेजमधली असेल तर 'डीबगइन्फोडी_यूआरएल्स' मध्ये त्यांच्या सर्व्हरचा पत्ता ठेवा, जीडीबी बिल्ड आयडीवरून माहिती स्वतः उतरवून घेतो. विकत घेतलेली असेल तर विक्रेत्याला बिल्ड आयडी आणि लायब्ररीच्या सुरुवातीपासूनचे ऑफसेट पाठवा, कच्चे पत्ते आणि स्क्रीनचे फोटो नकोत. त्यांच्याकडे स्ट्रिप न केलेली प्रत असेल तर ओळ ते सांगू शकतील.